दोन नंबरचं बटन

सेक्टर १०, भिलाई
रविवार, दुसऱ्या चहानंतर

रेल्वेचे माजी गार्ड, गोंदियाचे विद्यमान भूषण आणि आमचे एकुलते एक साळेबुवा श्री. बळीरामजी यांस दयारामचा सप्रेम जय भीम.

तुह्यं पत्र भेटलं. (फोन असून पत्र लिहिणारा तू एकटाच उरला, म्हणून मलेही पेन शोधावा लागला. तो फ्रिजवर सापडला, कायले ठेवला होता देव जाणे.) तब्येत कशी आहे? गुडघे? शुगर? उंची? उंची वाढली नसंल हे मले माहीत आहे, पण विचारपूस करावी तर पुरी करावी. इकडची खुशाली विचारशील तर मी ठणठणीत आहे, गाडी आजारी आहे.

तू लिहितोस की गोंदियातल्या कोण्या डॉक्टरची बारा वर्षं जुनी जर्मन गाडी विकायले निघाली आहे आणि ‘भाऊजी, तुमाले अनुभव आहे, घेऊ का नको ते सविस्तर कळवा.’ सविस्तरच कळवतो. माह्याजवळ वेळच वेळ आहे. पहिला सल्ला असा की घेऊ नको. दुसरा असा की पहिला सल्ला तू ऐकणार नाहीस, कारण तुह्या बहिणीनंही ऐकला नव्हता, म्हणून पुढचं ध्यान देऊन वाच.

आमची गाडी कशी आली ते तुले माहीत आहे, तरी सांगतो. (रिटायर माणसाची गोठ दुसऱ्यांदा ऐकायची असते, तू ऐक, मी तुह्या सिग्नलच्या गोठी वीस वर्षं ऐकल्या.) मी स्टील प्लांटच्या कोक ओव्हनचा, म्हणजे कोळशाच्या भट्टीचा, इलेक्ट्रिकल फोरमन. छत्तीस वर्षं नोकरी केली, आधी सायकलवर, मंग स्कूटरवर. मी सुटलो त्याच महिन्यात एक मोठे साहेबही सुटले आणि त्यांची गाडी विकायले निघाली. गेटवर जी गाडी दिसली की आमी सायकलवरून खाली उतरत होतो, तीच ती. मी म्हटलं, आपल्याले कायले पाहिजे हा हत्ती? रुक्मा म्हणाली, “अवो, जिंदगीभर तुमच्या कॅरिअरवर बसून माही कंबर गेली. आता सीटवर बसू द्या.” हत्ती घरी आला.

तर त्या गाडीत सीट गरम करायचं बटन आहे. भिलाईत! मे महिन्यात! ज्यानं कोक ओव्हनच्या वर उभं राहून जवानी शेकून काढली, त्याच्या बुडाखाली आणखी एक शेगडी. पहिल्याच दिवशी ते बटन चुकून दाबल्या गेलं आणि सिविक सेंटर येईपर्यंत माह्यी खात्री झाली की गाडीले आग लागली. मी गाडी थांबवून दरवाजा उघडून पळालो. (बायकोले आत ठेवून पळालो, हे तिनं मंग सर्व नातेवाईकांले सांगितलं, तुले दोनदा.) वीस पावलांवर जाऊन पाहतो तर ही आरामात बसलेली. म्हणे, “लय बरं वाटून राहिलं कमरेले. या, बसा.” तेव्हापासून आमचा उन्हाळा असा राहत होता: वरून एसी फुल, खालून शेगडी फुल, आणि मधात रुक्मा खुश.

आता कामाचं. अशी गाडी घेताना इंजिन पाहू नको, तिचे कागद पाहा. कोणत्या साली काय बदललं ते लिहिलेलं नसंल तर डॉक्टरले नमस्कार करून घरी ये. टायरची नक्षी पाहू नको, त्याच्यावर छापलेलं साल पाहा. उभ्या उभ्या टायर म्हातारे होतात, माणसासारखेच. ऑइल गाडीचा काँप्युटर सांगते त्याच्या अर्ध्यातच बदल. तो काँप्युटर जर्मनीत शिकला, त्यानं आपल्याकडची धूळ पाहिली नाही. पिवळा दिवा लागला तर घाबरू नको, घरी जाऊन पाहा. लाल लागला तर जिथं आहेस तिथं थांब. हे मी गार्डाले सांगून राहिलो, माफ कर. सकाळी गाडी पुढून बसलेली दिसली, जशी म्हैस बसते तशी, तर समज की हवेचं सस्पेन्शन गळून राहिलं. आणि सर्वांत मोठी गोठ, गाडी उभी ठेवू नको. आठवड्यातून एकदा तरी तिले वीस किलोमीटर फिरव, काही काम नसलं तरी.

मले तर काहीच काम नसते. तरी दर गुरुवारी गाडी काढतो, सिविक सेंटरले जातो, एक किलो काहीतरी घेतो आणि लांबच्या रस्त्यानं घरी येतो. मागच्या महिन्यात पाच किलो तांदूळ घेतला. डिक्कीत ठेवायचा कंटाळा आला म्हणून पुढच्या सीटवर ठेवला. निघालो तशी गाडी बोंबलायले लागली, टुंग टुंग टुंग. तिले वाटलं की माणूस बसला आणि पट्टा नाही लावला. मी तांदळाले पट्टा लावला. गाडी चूप झाली आणि समोर दिवा लागला की शेजारची सवारी नीट बसली आहे. बळीराम, खोटं कायले बोलू, मी त्या दिवशी सेक्टरले दोन चक्कर जास्त मारल्या. बरं वाटलं. घरी आल्यावर पट्टा काढताना मात्र वाईट वाटलं, आणि त्या तांदळाचा भात मी अजून टाकला नाही.

आता आजाराचं ऐक. पंधरा दिवसांमागं सकाळी रिमोट दाबला, गाडी ढिम्म. आतलं घड्याळ तेवढं मिणमिण करत होतं, म्हणजे जीव होता. बॅटरी गेली हे फोरमनले सांगावं लागत नाही. पण या गाडीची बॅटरी असते डिक्कीत, आणि डिक्की उघडते करंटवर. डॉक्टर आजारी आणि दवाखान्याची चाबी डॉक्टरच्या पोटात! रात्री दरवाजे लॉक करायचे राहिले होते, म्हणून मी मागच्या सीटवरून डिक्कीत घुसायची कोशिश केली आणि कमरेपर्यंत गेल्यावर तिथंच अडकलो. (तू असतास तर आरपार गेला असतास.) शकुबाई अंगण झाडायले आली, तिनं पाय धरून ओढून काढलं. मंग खुर्सीपारवरून देवीदास मिस्त्रीले बोलावलं. त्यानं रिमोट माह्या हातातून घेतला, त्याच्या पोटातून एक बारीक लोखंडी चाबी काढली आणि डिक्की उघडली. पाच वर्षांपासून ती चाबी माह्या खिशात होती. मंग गाडीकडं पाहून त्याच्या छत्तीसगढीत म्हणते, “कका, ये गाड़ी नोहय, हाथी आय.” गाडी नाही, हत्ती आहे म्हणे.

त्यानं दुसरी बॅटरी जोडून गाडी चालू केली, तेव्हा मी सर्वांत आधी पुढच्या डाव्या दरवाजावरचं दोन नंबरचं बटन दाबलं. हे बटन काय ते सांगायले पाहिजे. या गाडीची सीट माणूस ध्यानात ठेवते. एक नंबरवर ते जुने साहेब आहेत, ऐसपैस, मागं रेललेले. दोन नंबरवर रुक्मा आहे. सीट पार पुढं, पार वर, आणि पाठ शाळेच्या बाकासारखी सरळ, म्हणजे समोरचा रस्ता दिसावा आणि मले “ब्रेक, ब्रेक” म्हणता यावं. करंट येताच देवीदास तपासायले त्या सीटवर बसला होता आणि त्यानं ती मागं नेली होती. मी बटन दाबलं. सीट घूंऽऽ करत पुढं आली, वर उठली, आणि जिथं ती बसत होती तिथं बरोबर थांबली. मले रडू आलं. देवीदासले म्हटलं, पाणी आणतो, आणि घरात गेलो आणि पाणी न आणताच परत आलो.

तर मुद्दा असा की बॅटरी बदलावी लागते. देवीदास म्हणते, ही गाडी जुनी आहे, करंट पुरा तुटला की सीट सारं विसरते. प्रेरणाले बंगलोरले फोन केला, तर आपली पोरगी म्हणते, “पापा, बेच दो ना. अकेले आदमी को इतनी बड़ी गाड़ी क्यों?” बरोबरच आहे तिचं. मी म्हटलं, पाहतो. तोपर्यंत स्वयंपाकघराच्या खिडकीतून चार्जरची वायर काढून गाडीले लावली आहे, सलाईन लावल्यासारखी. लाईट गेली की मी वट्ट्यावर येऊन बसतो.

आणि प्लांटमध्ये करत होतो तसंच केलं. सीटच्या बटनाले एक आणि बॉनेटले एक, लाल टॅग बांधला. “काम चालू आहे. हात लावू नये. सही: दयाराम.” त्याचा परिणाम असा झाला की शकुबाईनं बारा दिवसांपासून गाडी पुसलीच नाही. तिचा नवरा प्लांटमध्ये ठेक्यावर आहे, त्यानं तिले बजावलं की ज्याची सही तोच टॅग काढंल, दुसऱ्यानं हात लावला तर माणूस मरते. समोरच्या ब्लॉकमधले रिटायर लोक सकाळी फिरायले निघाले की गाडीले वळसा घालून जातात. एकानं तर मले विचारलं, “शटडाऊन कब तक का है?” मी म्हटलं, दुसऱ्या सहीसाठी थांबलो आहे.

थांबलोच आहे. तुले नियम माहीत नाही म्हणून सांगतो. आमच्याकडं करंटचं काम एकट्यानं करायचं नाही, परमिटवर दोन सह्या लागतात. इथं तर कामच दोन माणसांचं आहे. एकानं बॉनेटपाशी (बॅटरी मागं असली तरी करंटची टोकं तिथंही आहेत) दुसऱ्या बॅटरीच्या चिमट्या धरून उभं राहायचं, एकानं मागं डिक्कीत जुनी काढून नवी बसवायची. म्हणजे करंट एक घडीही तुटत नाही. चिमटी सुटली की संपलं. माह्यासोबतचे कोणी नागपूरले गेले, कोणी पोरांकडं गेले, कोणी गेलेच. आता तूच सांग, चिमटी मी कोणाच्या हाती देऊ?

तर जुन्या गाडीविषयी माह्यं मत हे असं आहे. घ्यायची असंल तर घे, पण गोंदियात तुह्या सोबतीले कोणी आहे का ते आधी पाहा. वहिनीले जय भीम, पोरांले आशीर्वाद. रुक्मा गेली तेव्हा तिच्या पुण्यानुमोदनाले आला होतास, त्याले दोन वर्षं झाली. तिकडची खबर देत जा.

तुह्याच बहिणीचा,
दयाराम

ता. क. – वरचं वाचून तुह्या ध्यानात आलं नसंल (तू गार्ड, गाडी निघून गेल्यावर झेंडी दाखवणारा) म्हणून सरळ लिहितो. येत्या शनिवारी ये. परमिट लिहून ठेवलं आहे, दुसऱ्या सहीची जागा खाली आहे.

ता. क. २ – दोन माणसं लागतात हे मी खोटं लिहिलं. देवीदास एकटाच दहा मिनिटांत करते, त्याच्याजवळ त्याची लहान बॅटरी आहे, चिमट्या आपोआप धरून राहतात. तो दोनदा आला होता, दोन्ही वेळा मीच त्याले चहा पाजून परत पाठवलं. आणि सीट कुठवर येते ते मी टेपनं मोजूनही ठेवलं आहे, डायरीत लिहिलं आहे. तरी ये.

ता. क. ३ – स्टेशनवर घ्यायले मी गाडी घेऊनच येईन, रातभर चार्जरवर ठेवली की तेवढी चालते. मागं बसू नको, पुढं बस. त्या सीटवर जो बसते त्याचे गुडघे समोर आदळतात आणि तो आधी बटन शोधते, म्हणून दोन वर्षांत मी तिथं कोणाले बसू दिलं नाही, प्रेरणालेही नाही. (देवीदास न विचारता बसला तेवढाच.) तुह्ये गुडघे आदळणार नाहीत. तुमी दोघं भावंडं एका मापाची. टॅगले हात लावायची गरजच पडणार नाही, दरवाजा उघड आणि बस. कंबर दुखत असंल तर सांग, सीट गरम करून देतो.