डाव्या हाताची बाजू

जळगाव, रविवार, १२ जानेवारी २०२५
सकाळचे दहा. खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसलो आहे.

ती. मायला गोकुळचा नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? फोनवर तू रडतेस, म्हणून लिहितो. डोक्याची जखम भरली. मात्र डाळ मिलच्या जिन्यावरून पडल्यापासून दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसत नाही. दुखत काही नाही. रिक्षा त्या बाजूने एकदम अंगावर येते, म्हणून एकटा बाहेर पडत नाही, एवढंच.

खोलीतला वाल्मीक चिडवतो, "तिकडे तुनी सासू बशेल शे का? देखसच नही!" भाजी आणायला मात्र तोच जातो.

डॉक्टरबाईंनी डोळे मिटून आपलं अंगण आठवायला सांगितलं. फाटकातून शिरल्यावर उजवीकडे हौद, डावीकडे गोठा आणि बाजेवर तू, सगळं दिसलं. त्या म्हणाल्या, "मिटल्या पापण्यांखाली तुमचे डोळे डावीकडे गेले. आता उघड्या डोळ्यांनाही तशीच सवय लावा. गेलेली नजर परत येईलच, असं नाही."

म्हणून दारात बसून आधी तुला आठवतो, मग डोळे डावीकडे नेतो. आज एक रिक्षा लांबूनच दिसली. तरी उंबरा ओलांडवला नाही.

नानांनी सोनगीरहून यायची गरज नाही, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते विसर. त्यांना पाठव, आणि रस्त्यात माझ्या डाव्या हाताला चालायला सांग.

तुझा,
गोकुळ