पाठची बहीण

४ जून
आले एकदाची ताईकडे! तळमजल्यावरचं घर, एकही पायरी नाही. माझ्यासाठी कडक गादी, उशाशी शेकायची पिशवी, खुर्चीत लोड. शिलाई मशीनवर वाकून वाकून तरुणपणीच माझी कंबर गेली. तेव्हापासून कुशीवर वळून उठायचं, पट्टा बांधायचा, व्यायाम चुकवायचा नाही, असा आमचा संसार चाललाय, माझा नि कमरेचा. गेल्या वर्षी ताईचीही पाठ धरली. भिंतीच्या आधाराने चालते बिचारी. भाऊजी म्हणाले, दोघी मिळून एक धड बाई होईल. हसून हसून कळ आली.

९ जून
ताई म्हणाली, लहानपणीसारखं पाठीला पाठ लावून बसू. मी तिची पाठची, तिचा शब्द कधी मोडला नाही. रोज दुपारी बसतो. तिची पाठ कढत लागते. उठताना मला जड जातं. प्रवासाचा शीण असेल.

१३ जून
ताई भिंत सोडून चालली! आनंदाने रडूच आलं. मला मात्र कुशीवरही वळवेना. माझं दुखणं खाली, उजवीकडे. इतक्या वर्षांत त्याची खोड न् खोड मला पाठ झालीय. हे वर आहे, खांद्यांच्या मधोमध. हे माझं नाही.
तिथे ताईला दुखायचं.

१६ जून
आज बसणार नाही म्हटलं. भाऊजींनी खांदे दाबून बसवलं. ताई उठली, हात ताणून मस्त आळस दिला. तुला ठाऊक होतं का, विचारलं. म्हणाली, "तुला सवय आहे गं दुखण्याची. मला नव्हती."
माझा फोन भाऊजींकडे.

१९ जून
उठता येत नाही. ताई भरवते, केस विंचरते. अगदी मायेने. ती माया खोटी असती तर— पण खोटी नाही. तेच सहन होत नाही.

२१ जून
बाहेर बायका आल्यात. ताई सांगतेय, माझी बहीण फार सोशीक आहे. कौतुकाने सांगतेय.
दोघींनी धरून मला बसवलं. मागे कुणीतरी टेकलं— पाठ गार आहे हिची. धाप लागलीय हिला.
ताई, हिला काय झालंय, एवढं तरी आधी—