सुनीतानं गल्ली मोजली

मंगळवार, दिवेलागण

नेपाळहून नगररचना शिकायला आलेली आमची भाडेकरू पोट्टी, सुनीता, कॉलेजच्या कामासाठी टेप लावून गल्ली मोजत होती. रायपूर राजधानी झाल्यापासून रस्ता रुंद होणार, घरं तुटणार, ही आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, धास्तीच. बायकांनी तिला घेरलं, टेप ओढून घेतला. शेजारीण मला म्हणाली, "भाभी, नापनेवाली को आपने ही रखा है ना?" मी मारुतीची शपथ घेतली, ही फक्त शिकते. तेव्हा कुठं टेप मिळाला.

सुनीता म्हणते, "आंटी, कल आप साथ चलिए, आपको सब मानते हैं." हव म्हटलं. ती जाईल आपल्या देशी. मला इथंच राहायचंय. शपथ घेण्याआधी मी तिला काहून नाही विचारलं, हे माप पुढे कोणाकडे जातं? आता विचारायचीच भीती वाटते.