यादीला हात लावायचा नाही

११ मार्च
डेस्मंड निवृत्त होतोय! शुक्रवारपासून शिक्षकांच्या पेन्शनचा सगळा पैसा मी सांभाळायचा. तेवीस वर्षं त्याचा एकच नियम — स्वस्त पण धडधाकट कंपन्यांचे शेअर संगणकावरचं मॉडेल निवडेल, आपण नुसते घ्यायचे. यादीला हात लावायचा नाही. "मन काय म्हणतं ते घरी जाऊन कुत्र्याला सांगा!"

१२ मार्च
पेन्शनच्या विश्वस्त मॉरीनबाई आल्या होत्या. जन्मभर गणित शिकवलेल्या. डेस्मंडने पुन्हा तीच गोष्ट लावली — महामारीच्या त्या मार्चमध्ये बाजार कोसळला, अख्खं बॉस्टन विकत सुटलं, "पण आमच्या ग्रेटाने यादी जशीच्या तशी खरेदीला पाठवली."

मॉरीनबाई म्हणाल्या, "काय गं, भीती नाही वाटली?"

"मॉडेलला वाटत नाही," मी म्हणाले. सगळे हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण त्या यादीतून मी चार नावं काढली होती. विमान कंपन्या, हॉटेलं — मातीमोल झालेली. मॉडेल म्हणत होतं, घे. माझं बोट धजेना. न घेतल्याचं कारण लिहिलं, "भाव मिळाला नाही." धडधडीत खोटं! वर्षभरात चारही दुपटीवर गेली. तो नफा त्या मास्तरांचा होता.

१३ मार्च
कारभार माझ्या हाती द्यायच्या आधी आमची आकडेवाली प्रिसिला मॉडेलच्या जुन्या आठवड्यांच्या याद्या पुन्हा तपासतेय. पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "बाईसाहेब, महामारीच्या त्या आठवड्यात नऊ नावं गायब. भाव मिळाला नाही म्हणे! अगं, भाव तर साऱ्या जगाला दिसत होते."

"बघते," म्हणाले आणि जागेवर येऊन बसले.

नऊ? मी चारच काढली होती. तीनदा मोजलं. नऊच.

१४ मार्च
बोलले तर खुर्ची गेली. गप्प राहिले तर दर तीन महिन्यांनी मॉरीनबाईंसमोर तीच गोष्ट, आणि आता ती मी सांगायची! नाही जमणार. लाज वाटते. उद्या सकाळी डेस्मंडला सांगून टाकायचं. उरलेली पाच कुणी काढली, ते तो शोधेल.

१५ मार्च
माझी चार नावं कागदावर लिहून डेस्मंडपुढे ठेवली. त्याने चष्मा काढला. कागद ओढून घेतला आणि खाली उरलेली पाच नावं लिहिली — कुठेही न बघता, पाठ! मग म्हणाला, "मॉरीनला फोन लाव. आधी मी बोलतो."