तहात आलेला तोनीर

पॅरिस, ११ ऑगस्ट १९२०

तीर्थरूप केवोर्ककाकांच्या सेवेशी,

सेत्रागचा आपला उजवा हात ओठांना आणि कपाळाला लावून नमस्कार. आपले गुडघे, काकूंचा दमा आणि घरातली बाकी मंडळी (म्हणजे नुवार्त) अलेप्पोच्या उन्हाळ्यात ठीक असतील, अशी आशा आहे. आपण माझ्या वडिलांचे दोस्त, म्हणून काका. रक्ताचं नातं काही नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

काका, जिंकलो! काल सेव्ह्रला तहावर सह्या झाल्या. (चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात झाल्या. "मग फुटायला किती वेळ!" असं आपण म्हणणार, म्हणून आधीच सांगितलं.) आम्ही पन्नासएक जण फाटकाबाहेर सकाळपासून उभे होतो. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, पण मोटारीतून कुणी उंच टोपीवाला उतरला की आम्ही टाळ्या वाजवायचो. त्यातले दोघे तुर्कांच्या बाजूचे निघाले. एर्झुरुम, त्राब्झोन, वान आणि बित्लिस, तुर्कांचे हे चार प्रांत आता आपल्या देशात! बित्लिसमध्ये मूश आलं, मुशात माझं गाव आलं आणि गावात माझ्या बापाचा भाकऱ्या भाजायचा तोनीर आला.

गेल्या वर्षी नुवार्तला मागणी घातली, तेव्हा आपण काय लिहिलं होतं, आठवतं ना? "आमच्यात नवी सून सासरच्या तोनीरला प्रदक्षिणा घालते. तू तिला कुठे फिरवणार, आयफेलच्या मनोऱ्याभोवती?" काका, ते वाक्य मला फार लागलं. त्याच तिरमिरीत मी आमच्या खाणावळीच्या स्वयंपाकघरात फरशी उचकटून तोनीर खणायला घेतला. जमिनीत पुरलेली नाही ती भट्टी कसली? कमरेइतका खोल गेलो आणि कुदळीसकट खाली गेलो. पॅरिसात जमिनीखाली जमीन नसते, काका, लोकांची तळघरं असतात. मी शेजारच्या दारूवाल्याच्या पिंपात बसलेला होतो. तो ओरडला, "चोर!" मी म्हटलं, "नवरदेव!" शेवटी त्याच्याशीही पाच कलमांचा तह झाला, आणि तीन महिने मी त्याच्या बाटल्या धुतल्या. (आपल्या लोकांच्या तहापेक्षा तो लवकर अमलात आला.)

पण आता कशाला ते! आता मी देशवाला माणूस आहे. खाणावळीच्या भिंतीवरच्या नकाशावर सगळ्यांनी कोळशाने रेघ ओढली, आणि जो तो आपलं गाव आत घ्यायला रेघेला कोपर मारत होता. मला मारावं लागलं नाही. मी नुसता मिशीला पीळ देत उभा होतो. काका, इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

तेव्हा तारीख कळवावी. काकूंना नमस्कार, नुवार्तला आपण द्याल तेवढा.

आपला (लवकरच जावई)
सेत्राग

ता. क. आपलं खारपेर्त मात्र रेघेबाहेर राहिलं. मुशाच्या माणसांना आपण चाळीस वर्षं गावंढळ म्हणालात. आता आमच्याकडे यायला आपल्याला परवाना लागेल. काळजी नसावी, जामीन मी राहीन. (हे लिहिताना हसलो नाही, देवाशपथ. आपलं तिथलं घर मी पाहिलंय.)

ता. क. दुसरा. खरी रेघ अजून ओढायची आहे. ती अमेरिकेचे अध्यक्ष ओढणार आहेत. आणि तिथवर आपल्याला पोचवायला सैन्य कुणाचं, हे कलम मला कुणी वाचून दाखवलं नाही.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच. तुर्कांनी आपल्या लोकांना हाकलून पाच वर्षं झाली; गावात आमचं घर उभं आहे की नाही, मला माहीत नाही. तिकडून अलेप्पोला कुणी आलं, तर विचारून पाहावं. पण उत्तर काहीही येवो, लग्न मोडू नका, काका. घर जाळता येतं, छपराच्या तुळया उचलून नेता येतात. तोनीर जमिनीत असतो, तो कोण नेणार? राख उपसू आणि फिरू.