आर्डिसचं बोट ओळखणारं पिस्तूल

प्रिय व्हर्ना,

डेन्व्हरला सुखरूप पोचलो. तुझा खोकला कसा आहे? औषध चुकवू नकोस.

आपली लेक आर्डिस पोलिसाच्या पोशाखात फार शोभते गं. एका कैद्यानं तिच्या गस्तीवरच्या जोडीदाराचं पिस्तूल हिसकावून त्यालाच मारलं, तेव्हापासून तिनं फक्त तिचंच बोट ओळखून चालणारं पिस्तूल घ्यायचं ठरवलंय. पण ऐनवेळी ओळखलंच नाही तर? म्हणून काल नेमबाजीच्या मैदानावर तिला ओल्या, पीठ लागलेल्या हातांनी पन्नास गोळ्या झाडायला लावल्या. एकोणपन्नास उडाल्या, एक उडाली नाही.

"बघ!" मी म्हटलं. "माझं जुनं पिस्तूल कधी दगा देत नाही."

"हो बाबा, चोरालाही देत नाही. आता हे तुम्ही चालवा!"

घोडा दाबून दाबून माझं बोट दुखलं, पण पिस्तूल ढिम्म. मोठं इमानी आहे! त्या एका गोळीची धास्ती वाटते, तरी मीच म्हटलं, "पोरी, हेच कमरेला लाव."

तुझा काळजीखोर,
हायरम