जपानी राक्षस आणि आपले गोटे

पांढुर्णा, पोळा, १९५९

डोकं तापलंय. काल माझ्या वर्गाला नागपूरहून आलेल्या तंबूत हातानं काढलेल्या चित्रांचा जपानी सिनेमा दाखवला. नदीतून राक्षस निघतो, एक मुलगी त्याला भात भरवते, तो रडतो. एवढंच. आज बैलांच्या तोरणाखाली हेडमास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, लेकरायले असलं भेसूर कायले दाखवता?" भेसूर! का? त्या राक्षसानं कुणाला नखही लावलं नाही. उद्या गोटमार. नदीच्या दोन्ही काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव दगडांनी एकमेकांची डोकी फोडणार, आणि हेच हेडमास्तर लेकीला खांद्यावर बसवून ते दाखवणार, दरवर्षीसारखं. ते भेसूर नाही! काल तंबूतून निघताना त्याच लेकीनं मला विचारलं होतं, "बाई, त्या राक्षसाले कोणी गोटे काहून नाही मारले?"